दोष आढळला नाही

वैद्यकीय उपकरणांच्या दुरुस्ती विभागात मी सहा वर्षं काढली. तिथल्या रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना 'कार्यवाही'चा होता आणि त्यात लिहायला तीनच गोष्टी होत्या: भाग बदलला, जुळणी केली, दोष आढळला नाही. तिसरी नोंद मी किती वेळा केली असेल, याचा हिशेब नाही. वॉर्डातून इन्फ्युजन पंप, म्हणजे सलाईन किंवा औषध ठरवलेल्या वेगाने शरीरात सोडणारं यंत्र, यायचा, त्याला चिकटपट्टीने चिठ्ठी लावलेली असायची, चिठ्ठीवर घाईतलं अक्षर. "मध्येच ओरडतो." "दार लागत नाही." "रेट आपोआप बदलतो."

ही शेवटची चिठ्ठी चांगली लक्षात आहे, कारण तो पंप दोन महिन्यांत तीनदा आला. मी मोजपात्र लावलं, स्टॉपवॉच घेतलं आणि ताशी १०० मिलीवर तासभर चालवला. भरले ९८ मिली. अशा पंपाला पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे हा तर गुणी बाळ. नळी दाबून अडथळ्याचा अलार्म बघितला, बुडबुडा सोडून हवेचा अलार्म बघितला, बॅटरी बघितली. सगळं ठीक. तिसऱ्या खेपेला मी वॉर्डात फोन लावून सिस्टरना जरा तिखटच विचारलं, की आपोआप बदलतो म्हणजे नक्की काय होतं? त्या म्हणाल्या, "मॅडम, मी १००च लावला होता. नंतर बघते तर १५०." कुणाचा तरी हात लागला असणार, असं मी मनात म्हटलं, रजिस्टरमध्ये नेहमीची ओळ लिहिली आणि पंप परत पाठवला.

पुढे मी एका नव्या पंपाची वापरसुलभता तपासणाऱ्या गटात आले. पंप नवा असला तरी घराणं जुनंच होतं. मी वर्षानुवर्षं उघडबंद केलेल्या मॉडेलचीच ती पुढची आवृत्ती. मला वाटलं होतं की काम सोपं असेल. दहा-बारा नर्सना बोलवायचं, पंप हातात द्यायचा, "कसा वाटला?" विचारायचं आणि अहवाल लिहायचा.

पहिले तीन आठवडे पंपाला हातसुद्धा लावू दिला नाही. आधी वाचन. वैद्यकीय उपकरणांच्या वापरसुलभतेसाठी आयईसी ६२३६६-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, २०१५ सालचं. त्यातला एक शब्दप्रयोग मला सुरुवातीला नुसता शब्दांचा खेळ वाटला होता. तिथे 'वापरकर्त्याची चूक' असं म्हणत नाहीत, 'वापरातली चूक' म्हणतात. माणसाने काही केलं, किंवा करायचं राहिलं, आणि त्यातून वेगळंच काही घडलं, एवढीच नोंद. दोष कुणाचा हे त्या शब्दात नसतं. आमच्या गटप्रमुख बाई पूर्वी आयसीयूत नर्स होत्या. पहिल्याच बैठकीत मी 'युजर एरर' म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "हा शब्द इथे बोललीस की त्या दिवशीचं इतिवृत्त तू लिहायचं." पहिल्या महिन्यात चार इतिवृत्तं मी लिहिली.

वाचनातच एक आकडा भेटला. २००५ ते २००९ या पाच वर्षांत अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेकडे इन्फ्युजन पंपांबद्दल प्रतिकूल घटनांच्या सुमारे ५६,००० नोंदी आल्या होत्या. २०१० मध्ये त्यांनी पंप सुधारण्यासाठी खास मोहीमच काढली. कारणांमध्ये सॉफ्टवेअरचे दोष होते, तुटणारे-जळणारे भाग होते, आणि त्यांच्याच बरोबरीने स्क्रीन आणि बटणांची मांडणीही होती. माझ्या रजिस्टरमध्ये या तिसऱ्या कारणाला जागाच नव्हती.

मग वॉर्ड. तीन रात्री मी वही घेऊन एका कोपऱ्यात उभी होते. काही विचारायचं नाही, फक्त बघायचं, अशी ताकीद होती. दुरुस्तीच्या टेबलावर पंप कसा असतो? डोळ्यांसमोर, भरपूर उजेडात, माझे दोन्ही हात मोकळे. इथे एका स्टँडवर तीन पंप, सगळ्यात खालचा गुडघ्याच्या उंचीवर. सिस्टर त्याच्याशी वाकायच्या आणि वरूनच स्क्रीन वाचायच्या. मीही तसंच वाकून बघितलं तर त्या कोनातून अंक फिके पडत होते, १ आणि ७ मधला फरक अंदाजाने ओळखावा लागत होता. एका रात्रीत एकाच सिस्टर त्या पंपासाठी ३१ वेळा वाकल्या. मी मोजलं. त्यांना विचारलं असतं तर पाच-सहा वेळा म्हणाल्या असत्या.

दाराची कडी उघडायला एका हाताने पंप धरायचा आणि दुसऱ्याने कडी ओढायची, अशी रचना होती. पण दुसऱ्या हातात सलाईनचा सेट असतो, तो खाली ठेवता येत नाही. म्हणून सगळ्याजणी पंप कोपराने स्टँडवर दाबून धरत होत्या आणि अंगठ्याच्या नखाने कडी उचकत होत्या. "दार लागत नाही" या चिठ्ठीतल्या दाराच्या कडेला नेमक्या एकाच जागी ओरखडे का असायचे, ते मला तेव्हा कळलं. एका पंपाच्या स्पीकरवर गॉजची घडी चिकटवलेली होती. माझ्यातली दुरुस्तीवाली लगेच ती काढायला निघाली होती. मग त्या खोलीत दहा मिनिटं बसले. अलार्मसाठीही मानक आहे: सगळ्यात तातडीच्या अलार्मला लाल दिवा आणि दहा ठोक्यांचा सूर, मधल्याला पिवळा दिवा आणि तीन ठोके. हा पंप बॅग संपत आली एवढं सांगायलाही पहिल्या पट्टीत ओरडत होता. गॉजची घडी हे त्या वॉर्डाने केलेलं डिझाइन होतं.

मोजमापाचा भाग रुक्ष आहे, पण मला तो आवडला, सवयीचा म्हणून. कडीला लागणारं बळ, ग्लोव्हजमधल्या बोटाखाली बटणांचं अंतर, स्टँडला पंप आवळताना मनगट किती वळतं. अक्षरांच्या उंचीचं गणित तर फार गोड आहे. सहज वाचता यायला अंकाने डोळ्याशी साधारण एक तृतीयांश अंशाचा कोन करावा लागतो. म्हणजे एक मीटरवरून वाचायचं तर अंक जवळपास ६ मिलिमीटर उंच हवा, आणि तीन मीटरवर, पलंगाच्या पायथ्यापलीकडे उभं राहून वाचायचं तर १७. आमच्या नव्या पंपावर रेटचा अंक ९ मिलिमीटरचा होता. कंपनीचा लोगो ११ मिलिमीटरचा.

त्यानंतर पहिली चाचणी, डिझाइन अजून बदलता येतं तेव्हा घ्यायची. पंप चांगला आहे हे सिद्ध करणं हा तिचा हेतूच नसतो. खोड्या काढायच्या असतात. आठजणींना बोलावलं. खोलीत पलंग, प्लॅस्टिकचा हात, पाण्याच्या बॅगा, दिवे मंद, कोपऱ्यात दुसऱ्याच मॉनिटरचा रेकॉर्ड केलेला अलार्म, आणि रुग्णाचा नातेवाईक म्हणून आमच्यातलाच एक मुलगा. ऐन आकडे टाकताना त्याने "सिस्टर, अजून किती वेळ लागेल?" असं विचारायचं. काचेपलीकडच्या खोलीत ज्यांनी पंप बनवला ते इंजिनीअर.

पहिल्याच सत्रात मी माती खाल्ली. आलेल्या सिस्टर बटण शोधत होत्या, एकावर बोट ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं, "हेच ना?" मी काहीच बोलले नाही. पण व्हिडिओत स्पष्ट दिसतंय, माझी मान हलली. संध्याकाळी बाईंनी ते दृश्य तीनदा लावलं. "पुढच्या वेळी मान घरी ठेवून ये," म्हणाल्या. ते सत्र बाद.

गप्प राहणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे, असं आता मी नवीन आलेल्यांना सांगते, आणि त्यांना ते खरं वाटत नाही. सहा वर्षं माझं कामच मुळी अडलेल्याला मदत करायचं होतं. समोर माणूस चुकीच्या बटणाकडे बोट नेतोय आणि तुम्ही चेहऱ्यावरची रेषही हलवायची नाही. काचेपलीकडे तर अजून वाईट हाल. एक इंजिनीअर चक्क उभा राहून ओरडत होता, "अहो, डावीकडे! डावीकडे आहे ना ते!" काच आवाज अडवणारी होती म्हणून बरं.

चौथ्या सत्रात ते घडलं. काम साधं होतं. सलाईन ताशी १०० मिलीने चालू आहे, २०० मिली उरलंय, म्हणजे दोन तासांचं. डॉक्टर येऊन सांगतात की उरलेलं २००ऐवजी ३०० द्या, रेट तोच. कागदावरच्या सूचनेत इतकंच. सिस्टर अनुभवी होत्या, हात झरझर चालत होते. पंप थांबवला, व्हॉल्यूमच्या, म्हणजे एकूण किती मिली द्यायचं त्याच्या, चौकटीत गेल्या, २०० खोडून ३०० टाकले, नातेवाईकाला "होईल लवकरच" म्हणाल्या, स्टार्ट दाबलं, चादर सारखी केली. पंपाची मोटार जरा जोरात गुणगुणायला लागली.

स्क्रीनवर रेट १५० होता.

त्यात गूढ काही नाही. रेट, व्हॉल्यूम आणि वेळ ही तीन नाती एकमेकांत बांधलेली आहेत, एक बदललं की उरलेल्या दोघांतल्या एकाला हलावंच लागतं. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याने वेळ धरून ठेवली आणि रेट हलू दिला. ३०० मिली, दोन तास, म्हणून ताशी १५०. गणित चोख. त्यामागे विचारही होता: काही औषधं ठरलेल्या वेळेतच संपवायची असतात, तिथे हेच बरोबर. पण सलाईन लावणारी सिस्टर रेट मनात धरून चालते. तिच्या दृष्टीने वेळ म्हणजे रेटची सावली. आणि बोट जिथे असतं तिथेच नजर असते. व्हॉल्यूमची चौकट खाली, रेटची वर उजवीकडे.

दुरुस्तीच्या टेबलावर मी त्या पंपाचा रेट तासन्‌तास मोजला होता. चालू पंपाचा व्हॉल्यूम एकदाही बदलून बघितला नव्हता.

सत्रानंतरची मुलाखत मीच घेतली. विचारायची एक पद्धत असते: चूक झाली असं म्हणायचं नाही, काय दिसलं, काय वाटलं, मग काय केलं, या क्रमाने जायचं.

"आता तुम्ही काय काय केलंत, सांगाल का?"

"व्हॉल्यूम वाढवला, चालू केला. झालं."

"आत्ता रेट काय असेल?"

"शंभर." मग त्यांनी वळून बघितलं. "अगं बाई! हा मी कधी बदलला?"

"तुम्ही त्या चौकटीत गेला होतात का?"

"गेलेच असेन ना. त्याशिवाय कसा बदलेल?" आणि मग, अगदी सहज, "चूक माझीच. घाईत बघितलंच नाही मी."

कॅमेरा सांगत होता की त्यांनी रेटच्या चौकटीला बोटही लावलं नव्हतं. मशीनने केलेलं काम त्या स्वतःच्या अंगावर घेत होत्या, आणि मला मागे-पुढे काही बोलायची परवानगी नव्हती. आठपैकी पाचजणींचं हेच झालं. दोघींच्या वेळीच लक्षात आलं. आठवीने पंप सरळ बंद केला आणि सगळे आकडे पहिल्यापासून टाकले. कारण विचारलं तर म्हणाली, "या मशीनांचा मला भरवसा नाही. आपलं आपण सगळं परत टाकलेलं बरं." सगळ्यात सुरक्षित वापर तिने केला, आणि तोही पंपावरच्या अविश्वासापोटी!

शेवटी प्रत्येकीकडून एक प्रश्नावली भरून घेतली. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये बनवलेली ही प्रश्नावली अजूनही सगळीकडे चालते: दहा विधानं, एक ते पाचमध्ये उत्तर, त्यावरून शंभरपैकी गुण. सर्वसाधारण उत्पादनाला ६८च्या आसपास पडतात. चौथ्या सत्रातल्या सिस्टरनी पंपाला ८५ दिले. भरवसा नसलेल्या बाईंनी ४२.५. "कसा वाटला?" असं विचारून अहवाल लिहिला असता तर आम्ही काय लिहिलं असतं, हे वेगळं सांगायला नको.

इंजिनीअरांबरोबरची बैठक तीन तास चालली. पहिला तास "पुस्तिकेत लिहिलंय" यावर गेला. लिहिलं होतं, खरंच, पान ४७ वर. दुसरा तास "ट्रेनिंग देऊ" यावर. तिथे बाईंनी जोखीम व्यवस्थापनाच्या आयएसओ १४९७१ या मानकाकडे बोट दाखवलं. त्यात क्रम स्पष्ट आहे: आधी डिझाइनमधूनच धोका काढा, ते जमलं नाही तर आडवं काहीतरी लावा, सूचना आणि प्रशिक्षण सगळ्यात शेवटी. मग कुणीतरी म्हणालं, ठीक आहे, एक इशारा टाकू: 'रेट बदलत आहे, पुढे जायचं?' हे सगळ्यांना पटलं, कारण ते दोन दिवसांत होण्यासारखं होतं.

मला मात्र थेरॅक-२५ आठवत होतं. किरणोपचाराचं यंत्र. १९८५ ते १९८७ दरम्यान त्याने सहा रुग्णांना प्रचंड जास्त मात्रा दिली, त्यातले काही दगावले. मुळात दोष सॉफ्टवेअरमध्ये होता, पण यंत्र गडबडल्यावर स्क्रीनवर फक्त 'मालफंक्शन ५४' असं उमटायचं, आणि असले संदेश दिवसातून इतक्यांदा येत की ऑपरेटर 'पुढे चला'ची कळ सवयीने दाबत असत. मी हे बैठकीत सांगितलं. "आपला पंप म्हणजे काय रेडिएशन मशीन आहे का," असं उत्तर मिळालं. बाई वाद घालत बसल्या नाहीत. "करा इशारा," म्हणाल्या, "आपण तपासू."

तपासला. सहाजणी. चौघींनी न वाचता 'होय' दाबलं. एकीला मी नंतर विचारलं, मध्ये एक सूचना आली होती, त्यात काय होतं? त्या म्हणाल्या, "सूचना आली होती?" व्हिडिओत बघितलं तर इशारा स्क्रीनवर एक सेकंदसुद्धा टिकला नव्हता.

काचेपलीकडे ओरडणारा तोच इंजिनीअर त्या दिवशी संध्याकाळी आमच्या खोलीत येऊन बसला. व्हिडिओ परत लावायला सांगितला. बराच वेळ गप्प होता, मग त्याने पाटीवर तीन चौकटी काढल्या आणि रेटभोवती जाड रेघ मारली. शेवटी जे झालं ते त्याचंच: पंप एकदा चालू झाला की रेट कुलूपबंद. व्हॉल्यूम बदला, वेळ बदलेल. रेट हलवायचा तर त्याच्या चौकटीत मुद्दाम जावं लागेल, आणि जुना आकडा नव्याच्या शेजारी खोडलेला दिसेल. ठरलेल्या वेळेत संपवायच्या औषधांसाठी वेगळा पर्याय, सुरुवातीलाच निवडायचा. जाता जाता '१००.०' मधलं शेवटचं शून्यही गेलं. दशांश चिन्ह नजरेतून सुटलं तर ते १००० वाचलं जातं, ही औषधांच्या कागदांवरची जुनी दुखरी जागा. रेटचा अंक १८ मिलिमीटर झाला. लोगोवरून आणखी एक बैठक झाली, तिच्याबद्दल न बोललेलं बरं.

अंतिम चाचणीला प्रत्येक गटात १५ जणी घेतल्या, एफडीएच्या २०१६च्या मार्गदर्शनात किमान तेवढ्या सांगितल्या आहेत म्हणून: १५ आयसीयूतल्या, १५ साध्या वॉर्डातल्या. या टप्प्यावर पंप अंतिम स्वरूपात असतो आणि मधे काही सुधारता येत नाही. तीसपैकी एकीचाही रेट नकळत बदलला नाही. आम्ही खूश होतो, बाविसाव्या सत्रापर्यंत.

कडी बदलली होती, आता एका अंगठ्याने लागायची. लागली की 'टक' वाजायचं. बाविसाव्या सत्रात सिस्टरनी दार लोटलं, टक वाजलं, त्या वळल्या. दार अर्धंच लागलं होतं. आम्ही परत परत ऐकलं: अर्ध्या टप्प्यावरचा टक आणि पूर्ण टप्प्यावरचा टक, अगदी सारखा. पंपाने स्वतःहून ते ओळखलं, सुरू व्हायला नकार दिला, म्हणून नोंद 'थोडक्यात टळलं' अशी झाली. पण कडी परत कारखान्यात गेली आणि तेवढ्यापुरती चाचणी पुन्हा घ्यावी लागली. ज्याने कडी बनवली त्याला मी तो आवाज फोनवर ऐकवला. तो म्हणाला, दोन्ही वेगळे आहेत. मी म्हटलं, डोळे मिटून सांगा कोणता कुठला. दोनदा चुकला, मग हसायला लागला.

मधल्या काळात मी जुन्या विभागात फोन केला होता. माझ्या जागी आता ज्यांच्या हाताखाली मी शिकले तेच काका एकटे बसतात. त्यांना म्हटलं, जुन्या मॉडेलचा कुठलाही पंप आला की चालू ठेवून व्हॉल्यूम बदलून बघा, रेटवर लक्ष ठेवा. आठवड्याने त्यांचाच फोन आला.

"अगं, चार पंप बघितले. चारही तसेच वागतायत."

"मग?"

"मग काय, रजिस्टर उघडून बसलोय मघापासून. कार्यवाहीच्या रकान्यात काय लिहू?"